न हलणारे पाय

"दादा, काम करणारा तू एकटा. मग बेंचला व्हाइस दोन कशाला?"

हे मी दादाला विचारलं, तो नुसता हसला. इस्माइलभाऊंना विचारलं, त्यांनी वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. वहिनीला विचारलं, ती "दूध उतू जातंय" म्हणत आत पळाली. गॅसवर दूध नव्हतंच!

आजपर्यंत मला कुणी उत्तर दिलेलं नाही.

बेंच म्हणजे फिटरचं कामाचं टेबल आणि व्हाइस म्हणजे पकडलेली वस्तू सोडत नाही तो लोखंडी जबडा. दादानं एक बेंचच्या उजव्या टोकाला बसवला आणि एक पार डाव्या टोकाला. डाव्याच्या शेजारी हातोडी अडकवायला मोठा खिळाही ठोकला. बेंचला पाय नाहीत आणि व्हाइस दोन!

माणूस घरात असतो तेव्हा त्याचे किस्से कुणी जमा करत नाही. तो गेला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक ठेवून जातो. चपला काढायच्या, पाणी प्यायचं, खाली बघत बसायचं आणि मग म्हणायचं, "दत्ताचं येक सांगू का?" दादाच्या सुतकात आमच्या कुसगावच्या घरात हेच चाललं होतं. लोक रडत यायचे, सांगता सांगता हसायचे आणि हसल्याबद्दल आईची माफी मागायचे. आई म्हणायची, "हसा रं. त्यानं तरी दुसरं काय केलं?"

ह्यातले बहुतेक किस्से एकाच गोष्टीचे. दादाच्या बेंचचे.

दादा तळेगावच्या बाजूला एका कंपनीत फिटर होता. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा आणि एक वीत बुटका. मी टेंपो चालवतो, लोणावळ्यातल्या बंगल्यांचं सामान इकडचं तिकडे करतो. घरात मी धाकटा, म्हणून सगळे बारक्या म्हणतात. दादासुद्धा मान वर करून मला बारक्या म्हणायचा.

एक जुना बंगला पाडताना निघालेलं सागवानी दार मी टेंपोत घालून आणलं. चार माणसांनासुद्धा ते धड उचलवत नव्हतं. दादानं त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "ह्याचा बेंच करतो. बेंच हुबा ऱ्हायला की कंपनी सोडतो. घरीच वर्कशॉप. बंगल्यांची गेटं, झोपाळे, पंप, काय म्हनशील त्ये."

दार मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांच्या थप्पीवर आडवं ठेवलं. आता फक्त पाय बसवायचे होते. मला वाटलं, आठवड्याचं काम.

तीन पावसाळे ते दार विटांवरच राहिलं.

*

दादाला हलणारं टेबल अजिबात सहन व्हायचं नाही. जुन्या हायवेवर मिसळ खायला गेलो की आधी तळहातानं टेबल दाबून बघणार. हललं की गडी टेबलाखाली! कागदाची घडी करून पायाखाली सरकवल्याशिवाय पाव मोडायचा नाही.

एकदा वेटर घाबरला. वाकून म्हणाला, "शेठ, काय पडलं का?"

दादा खालून म्हणाला, "अजून न्हाई. तुजं टेबल पडणार हाय, म्हणून धरलंय!"

असल्या माणसाच्या बेंचला कसले पाय चालणार? पाय पारखायची त्याची स्वतःची पद्धत होती. चहाचा ग्लास काठोकाठ भरायचा आणि बेंचच्या एका टोकाला ठेवायचा. दुसऱ्या टोकाला हातोडीचा सणसणीत दणका द्यायचा. चहा सांडला, की पाय नापास!

वहिनी चिडायची. "च्या प्यायला आसतो, सांडायला न्हाई!"

"ज्या दिवशी सांडणार न्हाई त्या दिवशी पितो की," दादा म्हणायचा. "त्यो गलास माजा."

तोपर्यंत सांडून उरलेला चहा माझ्या वाट्याचा. त्या शेडमध्ये मी लय अर्धे ग्लास प्यायलोय.

एकदा विटांची थप्पी किती हलते ते बघायचं होतं. दादा म्हणाला, "बारक्या, आज तू मार." ग्लास डाव्या टोकाला ठेवला होता. मी डावखुरा. शाळेत उजव्या हातानं लिही म्हणून पट्ट्या खाऊन खाऊन मी नववीत शाळाच सोडली! हातोडी डाव्या हातात आली, हात डावीकडेच वळला आणि दणका बसला तो थेट ग्लासावर. काच, चहा, सगळं भिंतीवर!

दादा शांतपणे म्हणाला, "थप्पीचं कळलं न्हाई. पण गलास नापास."

मग बराच वेळ माझ्या डाव्या हाताकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, काच लागली का ते बघतोय.

पुढच्या रविवारी त्यानं दुसरा व्हाइस आणला.

*

पहिले पाय मीच शोधले. दादा फर्स्ट शिफ्टला गेला होता. दुपारी घरात पडल्या पडल्या माझी नजर समोर गेली आणि मी ताडकन उठलो. बीडाचे, ओतीव लोखंडाचे, जड, नक्षीदार पाय! इतके दिवस डोळ्यांसमोर होते आणि कुणाला दिसले नव्हते. पान्यानं बोल्ट काढले आणि पाय शेडमध्ये नेऊन उभे केले.

आई देवळातून आली. तिचं शिलाई मशीन जमिनीवर बसलं होतं आणि सुईखाली मावशीचं अर्धं झंपर.

आईनं जी सुरुवात केली ती दादा येईपर्यंत संपली नाही. दादानं डबा खाली ठेवला. आईकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बारक्या, आईचं पाय धरावं म्हंत्यात. काढून आनावं आसं कुणी म्हनत न्हाई!"

आईच्या हातात चप्पल होती. ती चप्पल घेऊनच हसायला लागली.

दादानं स्वतः पाय परत बसवले, मशीनला तेल दिलं. आई म्हणाली, आता आधीपेक्षा बरं चालतंय. बारक्यानं मोडल्याशिवाय ह्या घरात काही दुरुस्त होत नाही!

दादा गेल्यावर एकदा आई मशीनवर बसली होती. पाय चालवता चालवता थांबली आणि म्हणाली, "बारक्या, त्या वक्ताला मी उगाच वरडले. द्यायला पायजे व्हते. आता नेतो का?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

*

मग मी खाट आणली. एका बंगल्यातली, आजारी माणसाची लोखंडी खाट. मालक गेल्यावर ती गॅरेजमध्ये पडून होती. फ्रेम जाड, पाय जाड आणि दिसायला एकदम दणकट. चौघांनी दार उचलून तिच्यावर चढवलं. दादा पहिल्यांदा खूश दिसला.

वहिनीनं चहा आणला. ग्लास ठेवला. दादानं हातोडी उचलली आणि दणका दिला.

चहा सांडला की नाही ते बघायला गेलो तर ग्लास जागेवर नाही! खाटेच्या पायांना चाकं होती. बेंच ग्लास घेऊन दाराकडे निघाला होता. आमच्या शेडची जमीन उताराची. आम्ही मागून धावतोय, दादा ओरडतोय, "धरा, धरा!" आणि बेंच उंबऱ्यावर जाऊन थडकला. ग्लास बाहेर अंगणात.

अंगणात शेजारचे आबा उभे होते. आबा म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन. आमच्याकडे काही पडलं-फुटलं की आधी तेच यायचे. त्यांनी बेंचकडे बघितलं, मग दादाकडे.

"दत्ता, ह्ये कुटं निगालंय? तिकीट काडलंय का?"

मी म्हणालो, "चाकं काढू की! पाय तर चांगलेत."

दादानं फ्रेमवर टिचकी मारून दाखवली. आवाज पोकळ आला. "आजारी मानूस गप पडून आसतो, बारक्या. त्याचं वजन पेलनं येगळं. आपल्याला मार खानारं पायजे."

*

आबांना मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. रेल्वेच्या माणसाच्या शेजारी बेंच हलतो म्हणजे काय! एका सकाळी ते दादाला हाताला धरून घेऊन गेले. त्यांच्या गोठ्यात, गवताखाली, जुन्या रुळाचे तुकडे होते. कुठून आले ते आबा सांगेनात, आम्हीही विचारलं नाही.

"ह्याच्यावरनं आक्खी गाडी जाती," आबा छाती काढून म्हणाले. "तुजी हातुडी पेलनार न्हाई व्हय?"

दादा उकिडवा बसला. रुळावरून हात फिरवला. त्याला ते मनापासून आवडले होते, तोंडावर दिसत होतं.

"हातुडी पेलंल आबा," तो म्हणाला. "पन तुमची पेन्शन पेलंल का?"

आबांनी पटकन गवत परत ओढलं!

सुतकात आबा रोज यायचे आणि हाच किस्सा सांगायचे. शेवटी म्हणायचे, "घ्यायला पायजे व्हते रं त्यानं. कुणाला काय कळलं आसतं?" आणि मग डोळे पुसायला गमछा शोधायचे. गमछा खांद्यावरच असायचा.

*

शेवटी इस्माइलभाऊ म्हणाले, "पुरे आता. मी बनवतो."

इस्माइलभाऊंचं वेल्डिंगचं दुकान कुसगावच्या रस्त्याला. बंगल्यांची निम्मी गेटं त्यांच्या हातची. दादा आणि ते जुने दोस्त. मी म्हणालो, दादा, तू फक्त माप दे, बाकी मी बघतो.

"कमरेएवडी उंची," दादा म्हणाला आणि शिफ्टला गेला.

मी दुकानात जाऊन उभा राहिलो आणि कमरेवर हात ठेवला. "एवढी!" इस्माइलभाऊंनी टेप लावला, चौकोनी पाइप कापले, पाय तयार.

दादा संध्याकाळी शेडमध्ये गेला. बेंच त्याच्या छातीला लागला! तो हनुवटी बेंचवर टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "बारक्या, कमार कुनाची दिलीस?"

"माझी."

"मंग कामाला बी तूच ऱ्हा हुबा!"

पाय कापून खाली घेतले. तरीही चहा सांडलाच आणि दार परत विटांवर आलं. इस्माइलभाऊंना लागलं ते. म्हणाले, "दत्ता, बंगल्याचं गेट बी मी एवडं मजबूत करत न्हाई!"

"भाऊ, गेटावर कुनी हातुडी मारत न्हाई."

इस्माइलभाऊ रागारागानं बोलून गेले, "तुला पायजे तसले पाय मी आयुष्यात एकदाच केल्यात."

दादाचे डोळे चमकले. "कुटं?"

इस्माइलभाऊ केबल गुंडाळायला लागले. दादानं परत विचारलं, "आवो, कुटं?"

"हाय येका ठिकानी," ते म्हणाले आणि मशीन उचलून निघून गेले.

त्यानंतर दादा महिनाभर त्यांच्या मागे होता. चहा पाजला, वडापाव खिलवला, त्यांच्या मुलाची शपथ घातली. इस्माइलभाऊ सांगेनात! दादा मला म्हणायचा, "कुन्या तरी लय मोठ्या बंगल्यात आसनार, बग. आपल्याला आत सोडनार न्हाईत आसल्या."

*

श्रावणात जुन्या हायवेवर धुकं होतं. फर्स्ट शिफ्ट करून दादा परत येत होता. पुढे ट्रक बंद पडून उभा होता. त्यातलं ह्यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

*

आमच्या गावाच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे. तिच्याखाली चिता रचायचा लोखंडी स्टँड. लाकडं भिजलेली होती, जड होती. लोक ओंडके आणून त्या स्टँडवर टाकत होते. धाड धाड आवाज होत होता. मी मडकं खांद्यावर घ्यायचं म्हणून पुढे उभा होतो आणि मला दादाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी खाली बघत होतो.

ओंडके पडत होते आणि स्टँड हलत नव्हता.

मी वाकलो आणि तळहातानं तो दाबून बघितला. लोकांना वाटलं मला चक्कर आली. आबांनी पटकन दंड धरला. मी परत दाबला. लोखंडी चॅनलचे, गर्डरसारखे जाड पाय, खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले, तळाला जाड प्लेट आणि प्लेट जमिनीत बोल्टनं आवळलेली. केसभर हालत नव्हता.

मी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "ह्ये पाय कुनी केल्यात?"

ओंडका उचललेले दोघं तसेच उभे. कुणीतरी म्हणालं, "पोरगं भरमलं."

मी ओरडलो, "पाय कुनी केल्यात?"

मागून आवाज आला, "मी."

इस्माइलभाऊ गर्दीच्या मागे डोक्याला रुमाल बांधून उभे होते. मी तसाच त्यांच्याकडे गेलो. "दादा इचारत व्हता, तवा का न्हाई सांगितलंत?"

ते खाली बघत म्हणाले, "तोंडावर आलं व्हतं कैकदा. पन जित्या मानसाला हितलं पाय कसं दावू रं, बारक्या?"

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मला परत पुढे आणलं आणि स्टँडकडे बघत हळूच म्हणाले,

"पडलं पसंत. येकदाचं."

*

तेरावं झाल्यावर मी इस्माइलभाऊंच्या दुकानात गेलो. "भाऊ, तसलेच करा."

"खुळा का रं तू? घरात? लोक काय म्हंतील?"

मी त्यांना तसंच घरी घेऊन आलो. शेडच्या दारात वहिनी उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकांना कुटं हातुडी मारायचीय? ह्यांना न हालनारं पायजे व्हतं. करा तुमी."

इस्माइलभाऊंनी मान हलवली. टेप काढला. मग माझ्याकडे बघून थांबले. "उंची?"

माझा हात माझ्याच कमरेवर गेला आणि मी तो काढून घेतला. दादाची कंबर आता कुठून आणायची?

वहिनी आत गेली. परत आली तेव्हा हातात दादाची कंपनीची पँट होती, धुतलेली, घडी केलेली. "ह्यांच्या समद्या पँटी मीच आखूड केल्यात, भावजी. बाजारातली येक बी बसायची न्हाई." तिनं शेडच्या फरशीवर पँट सरळ पसरली. खालची दुमड सारखी केली, पट्ट्याची जागा सारखी केली. कुठे सुरकुती नको.

इस्माइलभाऊंनी आधी दोन्ही हात स्वतःच्या शर्टाला पुसले. मग खाली बसून पायापासून कमरेपर्यंत टेप लावला. दाराची जाडी वजा केली. खडूनं चॅनलवर खूण करता करता मला म्हणाले, "तुला वाकावं लागंल, बारक्या."

"वाकीन."

पाय झाले. इस्माइलभाऊंनी जमिनीला भोकं पाडून प्लेटा आवळल्या. चौघांनी दार उचललं आणि वर ठेवलं. दोन्ही व्हाइस आपापल्या टोकाला. खालच्या विटा आईनं एकेक करून बाहेर नेल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

वहिनी चहा घेऊन आली. ग्लास काठोकाठ भरलेला, आणताना एक थेंब सांडला नव्हता. तिनं तो उजव्या टोकाला, दादाच्या व्हाइसजवळ ठेवला.

मी डाव्या टोकाला गेलो. हातोडी खिळ्याला होती. हात न बघताच तिच्यावर गेला. मी वाकलो आणि सगळा जोर लावून दणका दिला.

पत्र्यावरची कबुतरं उडाली. आई दचकली. आबा पुढे झाले, ग्लासाच्या बुडाभोवती बोट फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं.

कोरडं होतं.

इस्माइलभाऊ ग्लासाकडे बघत होते, मग माझ्याकडे. सवयीनं; शेडमधला सांडून उरलेला चहा नेहमी माझा. हा सांडला नव्हता, हा दादाचा. ग्लासातून वाफ येत होती.

मी आत गेलो. दादाला शिफ्टवरून यायला उशीर झाला की वहिनी त्याच्या चहावर झाकायची ती बशी घेतली. शेडमध्ये येऊन ती ग्लासावर झाकली आणि सगळे बाहेर आल्यावर शेडचं दार लोटून घेतलं.